बाबांच्या रक्तद्रवात

पेशी काचेवरच्या खोबणीतून थोडी पुढे सरकली, थांबली, आणि आली तशी मागे फिरली. खोबणीच्या टोकाला तिला ओढून घेणारं रसायन होतं. निरोगी माणसाची पांढरी पेशी तिकडे नाकासमोर जाते. ही मात्र काहीतरी घरी विसरल्यासारखी मध्येच वळत होती. पेशी भिंगाला डोळा लावून बसलेल्या ताईची स्वतःचीच होती – सकाळी दंडाला पट्टा बांधून काढलेल्या रक्तातली. फक्त सोडली होती बाबांच्या रक्तद्रवात, रक्तातल्या पेशी काढल्यावर उरतो त्या पाण्यात.

अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशी का भरकटतात, हे शोधणं तिचं काम. अंगभर दाह पेटला की या राखणदार पेशी नको तिथे गोळा होतात, फुप्फुसातल्या बारीक वाहिन्यांना चिकटून बसतात, आणि जिथे गरज तिथे पोचतच नाहीत. वर्गात ती हे शांतपणे सांगायची. मग बाबांच्या स्वादुपिंडाला सूज आली... त्यांची तब्येत सर्वांत जास्त खालावली त्या दिवशीचा पिवळसर रक्तद्रव तिने गोठवून ठेवला होता. छोटी, तिची धाकटी बहीण, तेव्हा आलेली नव्हती. तो दिवस माझा होता – एकटीचा, असं ती मनाशी म्हणे.

आणि बाबांनी डोळे उघडले ते छोटी आल्यावर. पथ्य, गोळ्या, रात्रीचा खोकला, सगळं वर्षानुवर्षं थोरलीकडे. धाकटीनं येऊन नुसतं "काय म्हातारबुवा" म्हटलं आणि त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "धाकट्या ताई बोलल्या की यांची नाडीसुद्धा शांत होते," नर्स कौतुकानं म्हणाली. होत होती. पडद्यावरचा आलेख खोटं बोलत नाही, याचा तिला पहिल्यांदाच राग आला.

तुलनेसाठी निरोगी रक्त प्रयोगशाळेतल्याच कुणाचं तरी घ्यायचं, अशी पद्धत. बाबांच्या बाबतीत तिनं दुसऱ्या कुणाला हात पुढे करू दिला नव्हता. आज सकाळी मात्र छोटी येऊन समोर बसली.

"रोज स्वतःलाच काय टोचून घेतेस, ताई? माझं घे."

"तुला सुई बघून चक्कर येते."

"येऊ दे. धरायला तू आहेस." मग बाही वर सारता सारता, "घरी सोडतील तेव्हा माझ्याकडे नेऊ ना त्यांना? मी दिवसभर घरी असते. कितीदा विचारलं, तू बोलतच नाहीस."

"बघू," ती म्हणाली, आणि पट्टा जरा जास्तच आवळला.

बघू. बाबांची श्वासाची नळी निघाली, डॉक्टर घरचं विचारू लागले, तरी हिचं बघूच. दिवसभर जवळ कुणीतरी लागणार, हे काय तिला कळत नव्हतं? पण छोटीकडे गेले की ते हसतील, बोलके होतील... आणि मग माझ्याकडे परत कशाला येतील?

आता तिनं भिंगाखाली दुसरी काच सरकवली. छोटीच्या पेशी, बाबांच्या त्याच रक्तद्रवात. त्या सरळ जाव्यात – त्या दिवसाची झळ छोटीला लागलेली नाही, हे निदान भिंगाखाली तरी दिसावं. कोण कुणाची लेक हे पेशींना ठाऊक नसतं, असं विद्यार्थ्यांना सांगणारी ती, श्वास रोखून बघत होती.

छोटीची पेशी पुढे सरकली. थांबली. वळली. मागची एक तशीच, मग तिसरी...

संगणकानं दोघींच्या पेशींच्या वाटा एकावर एक रेखून दाखवल्या, तिच्या निळ्या, छोटीच्या लाल. तिनं रंग काढून टाकले. उरला नुसता गुंता. त्यातली आपली रेघ तिला ओळखता येईना. मत्सर गेला नव्हता, होता तिथेच होता. फक्त बोट दाखवायला त्याला काही उरलं नव्हतं.

"काय गं, माझ्या पेशी हुशार निघाल्या का?" छोटी दारात उभी होती, कापूस धरून हात अजून दुमडलेला.

"तुझ्यासारख्याच. मध्येच वळतात."

"आणि तुझ्या?"

"...त्याही."

छोटी हसली, मग हसू विरलं. "बाबांना दुखतंय गं अजून. वर मला म्हणतात, ताईला सांगू नकोस."

म्हणजे हेही त्यांनी छोटीलाच सांगितलं. पुन्हा ती कळ, ओळखीची, बरगडीखाली. तिनं सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"त्यांना तुझ्याकडेच ने," ती म्हणाली. "आणि उशा दोन दे. एकीवर झोप लागत नाही त्यांना. पण ते मागणार नाहीत."