दोराचं वजन

कुणी ‘बलून चालवता येतो’ म्हणालं की ताई गालातल्या गालात हसायची. बलूनला ना सुकाणू, ना ब्रेक. बर्नर पेटवला की आतली हवा तापते आणि तो वर जातो. बंद ठेवला की हवा निवते आणि तो खाली येतो. पायलटच्या हातात एवढंच. वेगवेगळ्या उंचीवर वारे वेगवेगळ्या दिशांना वाहतात, त्यातला आपल्या कामाचा हुडकायचा आणि त्याच्या मर्जीनं जायचं. बाकी सगळी वजनाची आकडेमोड, आणि त्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आज ती आठ महिन्यांनी उडणार होती. आठ महिन्यांपूर्वी याच मैदानावर तिचा धाकटा भाऊ गेला. धाकट्याचं काम जमिनीवरचं. बलून फुगला की टोपलीच्या कोपऱ्याचा दोर धरून उभं राहायचं, ताईनं ‘सोड’ म्हटलं की सोडायचा. त्या सकाळी झुळूक आली आणि बलून झपकन उचलला गेला. धाकट्यानं दोर सोडला नाही. तीनशे फुटांवर त्याचे हात सुटले. चौकशीत ताई म्हणाली, “मी ‘सोड, सोड’ ओरडत होते, त्यानं ऐकलंच नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. धाकट्याची बायको, ताईची भावजय, तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जीपपाशी होती, तिच्या कानावर काही आलं नव्हतं.

खरं म्हणजे टोपली कुंपणाकडे घसरत होती आणि ताई ओरडली होती, “धर! सोडू नकोस!” लहानपणापासून त्यानं ताईचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. हे ताईशिवाय कुणाला माहीत नव्हतं आणि तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

आता बलूनच्या मागोमाग जीप नेण्याचं काम भावजय करायची. दोघींचं बोलणं कामापुरतंच असायचं.

उजाडायच्या सुमाराला पंख्यानं बलूनमध्ये गार हवा भरली, मग ताईनं ज्योत सोडली आणि कापड हळूहळू उभं राहिलं. प्रवासी तिघं. लग्नाला आठवडाही न झालेलं एक जोडपं आणि एक निवृत्त हेडमास्तर. ताईनं तिघांना काट्यावर उभं केलं. हेडमास्तर म्हणाले, “गरम हवा वर जाते, हे चाळीस वर्षं पोरांना शिकवलं. म्हटलं, एकदा खात्री करून घ्यावी.” सगळे हसले, ताईसुद्धा.

तिनं हिशेब केला. एवढं वजन, एवढी थंडी, म्हणजे बलूनच्या आत वरच्या टोकाला नव्वद अंश झाले की बलूननं जमीन सोडायला हवी. नव्वद झाले. बलून हलला नाही. पंचाण्णव झाले, शंभर झाले. एकशेतीनला टोपली अनिच्छेनं उठली, तीही एका कोपऱ्यावर कलून. जोडप्यानं टाळ्या वाजवल्या. ताईनं आकडा पुन्हा वाचला. तेरा अंश म्हणजे साधारण बहात्तर किलो, हे तिला कागदाशिवाय येत होतं. बहात्तर किलो कोण, हेही.

तिनं स्वतःलाच झापलं. मीटर बिघडला असेल, कापड दमट असेल. आठ महिने घरी बसलं की डोक्यात नाही नाही ते येतं.

वर पोचल्यावर तिनं बर्नर बंद केला. बलूनमध्ये वारा कधीच लागत नाही, कारण आपण वाऱ्याबरोबरच जात असतो. बर्नर थांबला की शांतता इतकी पसरते की खालच्या अंगणातली कडी काढल्याचंही ऐकू येतं. ताईला कुत्रं ऐकू आलं, नळ ऐकू आला. आणि टोपलीच्या वेताच्या फटीतून, पायांच्या अगदी खालून, श्वास ऐकू आला. ओझं पेलणाऱ्या माणसाचा असतो तसा, धापा टाकणारा.

ती कलत्या कोपऱ्याशी गेली आणि कठड्यावरून वाकली. त्या कोपऱ्याचा दोर खाली लोंबत होता. मोकळा दोर हेलकावतो, टोक वळवळतं. हा ताठ होता, विहिरीत भरलेली बादली टांगल्यासारखा. टोकाला काही नव्हतं.

“काही दिसतंय का?” नवऱ्या मुलीनं विचारलं.

“काही नाही. तुम्ही समोर बघा, सूर्य येतोय,” ताई म्हणाली.

समोर सूर्य होता आणि त्याच्या खाली, मैलभरावर, विजेच्या उंच तारा. त्यात नवीन काही नव्हतं, त्या तारांवरून ती शेकडो वेळा गेली होती. तिनं बर्नरची कळ ओढली. ज्योत गर्जली. बलून चढला नाही. एकशेदहा अंश. उलट उंची दाखवणारी सुई खाली सरकत होती, अडीचशे फूट, दोनशेतीस. लटकलेला माणूस दमला की जास्त जड होतो. एकशेसोळा. एकशेवीसच्या पुढे कापड जळायला लागतं. खाली कारखान्यांचे पत्रे, उतरायला जागा नाही. त्यापुढे एकच शेत, पण तारांच्या पायाशी. तिथं टेकलं की टोपली फरपटत थेट तारांत जाणार. ताईला भीती वाटली, आणि स्वतःपुरती नाही. त्या पोरीच्या हातातल्या नव्या बांगड्या, हेडमास्तरांनी मफलरची मारलेली गाठ, सगळं तिला एकदम दिसलं.

वॉकीटॉकी खरखरला.

“ताई,” भावजयीचा आवाज अगदी सपाट होता. “तो दोराला आहे.”

ताईनं वॉकीटॉकी कानाशी धरला.

“मैदानापासून बघतेय मी. म्हटलं, मलाच दिसतोय. आता हात थरथरताहेत त्याचे. तरी सोडत नाहीये.”

हेडमास्तरांनी ताईकडे पाहिलं. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, पण चेहरे वाचायची सवय होती. ते कठडा धरून उभे राहिले.

तारा आता वेगवेगळ्या मोजता येत होत्या. ताईनं पाठ फिरवली आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

“अगं, ऐक. त्या दिवशी मी ‘सोड’ नव्हते म्हणाले. मी ‘धर’ म्हणाले होते. ‘सोडू नकोस’ म्हणाले होते. चौकशीत खोटं बोलले मी.”

पलीकडे जीपचं इंजिन बंद झालं.

“मग आता ‘सोड’ म्हणा,” भावजय म्हणाली.

ताई कठड्यावरून वाकली. खाली दोनशे फूट मोकळी हवा होती. एकशेएकोणीस. ती कुणावर ओरडली नाही. शाळेला उशीर होतोय म्हणून त्याला उठवायची त्याच आवाजात म्हणाली, “सोड रे, राजा.”

त्यानं ऐकलं. दोर सैल पडून टोपलीवर आपटला, कोपरा वर आला आणि बलून असा उसळला की जोडपं एकमेकांच्या अंगावर कोसळलं. तारा खालून निघून गेल्या. नवरा मुलगा ओरडला, “वा! काय घेतला वर!” नवरी मुलगी हसत-रडत टाळ्या वाजवत होती.

ताईनं मागे पाहिलं. जीप त्या शेताच्या कडेला दार उघडं टाकून उभी होती. भावजय धावत शेताच्या मधोमध गेली, थांबली, आणि खाली बसली. तिथं काहीच नव्हतं. तिनं त्या काहीच-नसण्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि त्याच्या केसांवरून हात फिरवू लागली.

“मागे नेता येईल का हो?” हेडमास्तरांनी हळूच विचारलं.

“नाही,” ताई म्हणाली. “हा मागे वळत नाही.”

वारा त्यांना पुढे नेत राहिला. शेतातली ती बाई लहान होत गेली, आणि दिसेनाशी होईपर्यंत तिनं एकदाही मान वर केली नाही.