किंचित थरथर

मी एक पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे. विमान चालवणाऱ्यानं मांडीला पट्ट्यानं बांधायची, पत्र्याची, वर कागदांची वही आणि दोरीला पेन्सिल. इंग्लंडातल्या एका संग्रहालयात मला काचेच्या पेटीत ठेवलंय. लोक वाकून बघतात, माझ्या मालकाचं कौतुक करून जातात, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कारखान्यातल्या भंगारातून मॉरिस फेनविकनं मला स्वतः कापून काढलं. मांडीला टोचू नये म्हणून कानशीनं माझ्या कडा घासल्या. नवी विमानं पहिल्यांदा उडवून पाहायची, ही त्याची नोकरी. एका हातात विमान वळवायचा दांडा, दुसऱ्या हातानं माझ्यावर लिहायचं. खाली उतरलं की त्यावरून अहवाल टंकला जायचा आणि तो वाचून पुढचा चालक त्याच विमानात बसायचा. माझ्यावरच्या अक्षरांवर माणसांचे जीव टांगलेले असायचे.

पण या चालक मंडळींना दुसऱ्या महायुद्धापासून एक खोड होती. मरणाच्या दारातून परत आले तरी तसं म्हणायचं नाही. एकदा इंजिन पेटलं, तर मॉरिसनं लिहिलं, ‘जरा गरम.’ त्यावर सगळे पोट धरून हसले, त्याला बिअर पाजली. जो जास्त बोलेल त्याची टर उडायची. तेव्हा मलाही गंमत वाटायची. आता लाज वाटते.

युद्ध संपून आठेक वर्षं झाली असतील. सप्टेंबरातल्या एका सकाळी मॉरिसनं वेगाचा विक्रम केला. तो आकडा माझ्यावर ठळक अक्षरांत आहे. पण तो लिहून होतो न होतो तोच विमानाचं शेपूट असं हादरलं, की माझ्याखाली त्याची मांडी लटलट कापायला लागली. दांडा हातात राहीना. त्यानं आईला हाक मारली. ती मी ऐकली, दुसऱ्या कुणीही नाही. समुद्र अगदी जवळ आला, तेव्हा कुठे विमान ताळ्यावर आलं. मग त्यानं पान उलटलं आणि पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं, कागद फाटला. आणि लिहिलं काय? ‘शेपटाकडे किंचित थरथर.’

मुख्य अभियंत्यानं विचारलं, किंचित म्हणजे किती? बाहेर वार्ताहर ताटकळत होते. मॉरिस म्हणाला, चहाचा कप सांडला नसता. अभियंता हसला आणि तेच वाक्य अहवालात गेलं.

दुसऱ्या दिवशी पाळी लेस्ली ट्रेगार्थनची. दोघं युद्धापासूनचे सोबती. अहवाल वाचून झाल्यावरही लेस्लीनं विमानाकडे जाता जाता विचारलं, “खरं सांग, फार छळतं का रे ते?”

“थोडं नाचतं. घे सांभाळून.”

शेपूट एका शेतात सापडलं आणि लेस्ली मैलभर पुढे.

चौकशी बसली. मॉरिस मला मांडीवर घेऊनच बसला होता. ते फाटलेलं पान समोर धरायचं, बस्स, एवढंच करायचं होतं. त्यानं टंकलेलं वाक्य वाचून दाखवलं आणि मूग गिळून बसला. लेस्लीनं विमान नको इतकं ताणलं, असा निकाल लागला. ठपका मेलेल्याच्या माथी आणि पदक जिवंताच्या छातीवर.

लेस्लीची बायको हिल्डा एकदा घरी आली. मी टेबलावरच होते. चहा झाल्यावर ती म्हणाली, “लेस्ली आततायी नव्हता, मॉरिस. आदल्या दिवशी तुला भीती वाटली होती का, एवढंच सांग.”

“तसं विशेष काही नाही, हिल्डा.”

तिनं कप बशीत नीट ठेवला आणि ती गेली. मला हात असते तर त्याच्या थोबाडीत दिली असती.

पुढे त्यानं मला संग्रहालयाला देऊन टाकलं. विक्रमाचं पान स्वतःच्या हातानं वर काढून दिलं. मग किती वर्षांनी, काठी टेकत, एकटाच आला. आसपास कुणी नव्हतं. काचेवर हात ठेवून पुटपुटला, “लेस्ली, मी फार घाबरलो होतो रे.”

अरे मेल्या, मला काय सांगतोस? त्या दिवशी मी तुझ्या मांडीवरच होते की! हिल्डा याच गावात राहते, बसचे दोन थांबे पलीकडे. जा, तिला सांग. पण त्यानं काचेवरचे बोटांचे ठसे रुमालानं पुसले आणि तो घरी गेला. त्याच हिवाळ्यात वारला.

हिल्डा दर सप्टेंबरात येते. आता पार वाकलीये. विक्रमाचा आकडा बघते आणि मान खाली घालून परत जाते. तिला हवं ते त्याच्या खालच्याच पानावर आहे.

पेटीची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला माझं एकच मागणं आहे. येत्या सप्टेंबरात काच काढा आणि एक पान उलटा. तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, पण चालेल. कागद जिथे फाटलाय, तिथे तिला नुसतं बोट ठेवू द्या.