शांत मनगट

लिफ्ट दुरुस्त करणारं ते जोडपं. तो लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचा, ती वर दारापाशी मेन स्विच सांभाळायची. उतरण्याआधी ती त्याचं मनगट धरायची, ही बावीस वर्षांची रीत. नाडी पळत असली की उतरणं रद्द. "आज काय, आईंना थाप मारून आलात वाटतं?" असं ती म्हणायची आणि दोघं घरी जायचे. त्याची नाडी अधूनमधून विनाकारण उधळायची. घाम फुटायचा, चेहरा पांढराफटक पडायचा. खड्डाच इशारा देतो, अशी दोघांनी मनाशी खूणगाठ बांधली होती.

इशारा कसला डोंबलाचा! शेवटी दवाखाना गाठला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोप्यांसारख्या दोन ग्रंथी. संकट दिसलं की मेंदू हुकूम सोडतो, त्या अ‍ॅड्रेनलिन रक्तात ओततात. मग काळीज धावतं, श्वास मोठा होतो, पोटाकडचं रक्त हातापायांकडे वळतं आणि माणूस पळतो. याच्या दोन्ही ग्रंथींत गाठी होत्या, त्या हुकमाशिवायच ओतत होत्या. दोन्ही ग्रंथी काढाव्या लागल्या. "मेंदूकडून काळजाकडे जाणाऱ्या नसांमुळेही नाडी थोडी वाढते," बाई म्हणाल्या, "पण पूर्वीची धडधड विसरा. आणि गोळ्या चुकवू नका."

रीत मात्र सुटली नाही. ती मनगट धरायची, "शांत आहे, उतरा" म्हणायची, आणि त्या शांतपणावर दोघंही निर्धास्त होऊ लागले. त्या दुपारी स्विच बंद करायचाच राहिला. उघड्या दाराने लिफ्ट हलू नये म्हणून असलेला खटका त्यानेच तपासणीसाठी बांधून ठेवला होता.

वरच्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबलं असावं. अंधार खाली सरकू लागला. त्याने मान वर केली. लिफ्टचा तळ, त्यावरचा गंज, चार बोल्ट. एक जरा सैल. हा घट्ट करायला हवा, असं त्याच्या मनात आलं. आपण मरणार हे त्याला स्वच्छ कळलं होतं. कळूनही अंगात काही हललं नाही, जणू बातमी शेजारच्या घरची होती. बाईंनी सांगितलेल्या नसासुद्धा त्या दिवशी काळजाकडे फिरकल्या नाहीत. आपल्याच गप्प अंगाची त्याला किळस आली.

वर बायको किंचाळत होती. ती भिंतभर हात फिरवत होती, पण रोजचा स्विच तिला सापडेना. तेव्हा कुठे त्याने खड्ड्यातलं लिफ्ट थांबवायचं लाल बटण दाबलं, सावकाश, संध्याकाळी घरात दिवा लावावा तसं.

तळ नाकापासून वीतभर वर थांबला.

लिफ्टचा तळ आणि दाराचा उंबरठा यांच्यामधल्या फटीतून तिने त्याला ओढून बाहेर काढलं आणि सवयीने मनगट धरलं. मोजलं. पुन्हा मोजलं. मग हात झटकून ती भिंतीला टेकली.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हीच आहात ना?"

"मीच गं." पण त्याची स्वतःचीच खात्री पटेना.

त्याने तिचं मनगट पकडलं. नाडी बेभान धावत होती. त्याला वाटायला हवी होती ती सगळी भीती तिथे होती. तिने हात सोडवून पाहिला. त्याने सोडला नाही.