बंदुकीला मानवलेलं तेल

निवडणुकीची आचारसंहिता लागली तशी तातोबा देसाईनं आपली पीकसंरक्षणाची एकनळी बंदूक ठाण्यात जमा केली, आणि चौथ्या दिवशी तिची नळी हवालदार मगदुमाच्या टेबलाकडं वीतभर वाढली. ठाण्यात कुणाला नवल वाटलं नाही. जमा बंदुकांची साफसफाई मगदूम करायचा, आणि बंदुकीला ज्याचं तेल मानवतं तिकडं ती वाढते, हे काय सांगायला लागतंय?

तातोबाच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं त्यानं तिला पोरीगत जपलेलं. बायको अक्काताई डोक्याला खोबरेल मागायची, तर हा अख्खी बाटली बंदुकीवर पालथी करायचा. आणि ही बया चार दिवसांत परक्याची झाली!

दुसऱ्या दिवशी तो पिशवीभर तेलं घेऊन गेला. खोबरेल, करंजीचं, शिलाई मशिनचं. एकेका तेलात बोट बुडवून नळीच्या तोंडाशी धरलं. नळीनं तोंड फिरवलं.

"काय घालताय ओ तिला?"

"आधी रॉकेल," मगदूम म्हणाला. "चिंधी काळी यायची थांबेस्तोवर. मग कोरडं पुसायचं. मग मशिनचं तेल, थेंबभर."

"तेच तर मी आणलंय!"

"तुम्ही काजळीवरच ओतत आलाय, देसाई. वर चकचकीत, आत तीस वर्षांचा मळ. त्यात खोबरेल थंडीत गोठतंय. बिचारीला श्वास घेता येत नव्हता."

हे त्यानं इतक्या मायेनं सांगितलं की तातोबाला त्याचा गळा धरावासा वाटला. लेका, माझ्या बंदुकीचं मला शिकवतोस?

मतमोजणी उरकेपर्यंत नळी टेबलाखालून मगदुमाच्या मांडीवर पोचली होती. जेवताना तो डावा हात तिच्यावर ठेवायचा. तातोबानं पावती आपटली. मगदुमानं सही घेऊन बंदुकीचा लाकडी दस्ता त्याच्या हातात दिला. नळीचं तोंड मांडीवरून हललं नाही.

"न्या की," मगदूम म्हणाला. "मी कुठं धरलीया?"

तातोबा दस्ता खांद्यावर टाकून निघाला, तशी नळी मागं वाढत राहिली. ठाण्याच्या पायऱ्या, बाजार, ओढ्यावरचा पूल, बारा किलोमीटर. लोक ती ओलांडून जात होते. "मिळाली वाटतं बंदूक," म्हणत होते.

घरी दस्त्याला कान लावला की मगदुमाचं गुणगुणणं ऐकू यायचं. तातोबाला घास गोड लागेना. त्यानं रॉकेल आणलं, जुनं धोतर फाडून चिंध्या केल्या. पण साफ करायला नळीचं तोंड घरात होतंच कुठं?

तिसऱ्या दिवशी सकाळी रानडुकरांचा कळप उसात घुसला.

"बघत काय बसलाय?" अक्काताई ओरडली. "बार काढा!"

तातोबानं काडतूस भरून दस्ता खांद्याला लावला. नळी अंगणातून, फाटकातून, रस्त्यानं दिसेनाशी झाली होती. मागं ऊस कडाकडा मोडत होता. नळीतून खुर्ची करकरल्याचा आवाज आला. मग मगदूम हळूच म्हणाला, "जागी झालीस होय? ये अशी, जवळ ये."

दस्ता तातोबाच्या गालाशी सुखानं थरथरला. तीस वर्षांत तो असा कधी थरथरला नव्हता.

"अवो, डुकरं इकडं हायत!" अक्काताई ओरडली.

तातोबानं डावा डोळा मिटला.