सरांनी आवळलेला नट

मी एक पोलादी दांडा बोलतोय. गाड्यांचे शौकीन मला स्वे बार म्हणतात. गाडीच्या पोटाखाली मी आडवा असतो. माझं एक टोक डाव्या चाकाकडे जोडलेलं, दुसरं उजव्या चाकाकडे. वळणावर गाडी एका अंगाला कलली की मी स्वतःला पीळ देऊन तिला सावरतो. एवढंच माझं काम, आणि तेच माझ्या हातून झालं नाही. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो.

मला लाल होईपर्यंत तापवलं, वाकवलं, तेलात बुडवलं आणि वरून निळा रंग चढवला. चांगला बावीस मिलिमीटर जाड. खोक्यात पडल्या पडल्या मी स्वतःवरच खूश होतो.

मला मागवलं ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या सरांनी. त्यांच्याकडे सव्वीस वर्षांची, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी होती. वळणावर ती बोटीसारखी डुलायची, ते सरांच्या मनाला लागायचं. म्हणून त्यांनी चार नव्या, आखूड, कडक स्प्रिंगा आणि मागच्या बाजूसाठी मला मागवलं.

स्प्रिंगा आधी आल्या. त्या वहिनींच्या गॅरेजात बसल्या. वहिनींचे यजमान मेकॅनिक होते, त्यांची मित्रमंडळी यांना वहिनी म्हणायची. ते गेले. अकरा वर्षं वहिनींनी एकटीनं गॅरेज चालवलं, पण नाव तेच राहिलं. साठीचे ड्रायव्हरसुद्धा त्यांना वहिनीच म्हणतात.

माझं खोकं चार दिवस उशिरा पोचलं. सर ते घेऊन गॅरेजात गेले आणि म्हणाले, "चार तर नट आहेत. हा मी घरीच बसवीन म्हणतो."

"बसवा की," वहिनी म्हणाल्या. "फक्त सोबत आलेले नवे नटच वापरा. जुना नट एकदा सोडला की पुन्हा तसा धरत नाही. आणि झालं की गाडी एकदा मला खालून बघू द्या."

"हो हो, आणतो."

"दोनदा 'हो' म्हणणारं गिऱ्हाईक येत नाही सर," वहिनी हसून म्हणाल्या.

रविवारी सकाळी पोर्चमध्ये गाडी जॅकवर चढली. सरांनी जुना दांडा काढला. अंगठ्याएवढाही जाड नव्हता बिचारा. मी त्याला मनातल्या मनात छत्रीची काडी म्हटलं. मग मला वर उचललं. तीन नवे नट लागले. चौथा सरांच्या हातून सुटला, घरंगळला आणि थेट गटाराच्या जाळीतून खाली गेला.

सर जरा वेळ जाळीकडे बघत बसले. मग त्यांनी जुना, गंजका नट उचलला, पँटला पुसला आणि माझ्या डाव्या टोकाला लावला. नट ढिला आहे हे मला पहिल्याच आट्यात कळलं. पण खरं सांगायचं तर मलाही वळणांची घाई झाली होती.

पहिले आठ दिवस काय सांगू! गाडी वळणावर टेबलासारखी सपाट. सरांची बायको एका बेकरीत केकवर क्रीमची फुलं काढायची. ती म्हणाली, "तुमच्या त्या स्प्रिंगांमुळे रस्त्यातला खडा न् खडा मला ओळखायला लागलाय." सर खूश होऊन हसले.

मग डावीकडून आवाज सुरू झाला. टक. टक टक.

"अहो, मागून काहीतरी वाजतंय."

"नवीन पार्ट आहे गं. बसेल हळूहळू."

"वहिनींना दाखवा ना एकदा."

"दाखवू."

दाखवलं नाही. चार नटांसाठी बाईंपुढे जायचं, आणि त्यांनी गंजका नट काढून दाखवायचा, हे सरांना नको होतं.

पुढच्या शनिवारी दुपारी टेकडीच्या रस्त्यावर तो नट पडला. माझं डावं टोक सुटलं, खाली आलं आणि फिरत्या टायरच्या आतल्या अंगावर घासू लागलं. ज्या चाकाला सावरायचं, त्यालाच मी कापत होतो. तिसऱ्या वळणाला टायर फुटला. गाडी फिरली आणि रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात घुसली. सरांना खरचटलंदेखील नाही. त्यांच्या बायकोनं सावरायला उजवा हात पुढे टेकला होता. मनगट दोन ठिकाणी मोडलं.

गाडी ओढून घरी आणली. दुसऱ्या दिवशी सरांच्या बायकोचा थोरला भाऊ आला. मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा माणूस. सरही त्याला दादाच म्हणत. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "काम कुणाकडे केलं होतं?"

सर म्हणाले, "वहिनींकडे."

खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. स्प्रिंगा तिथेच बसल्या होत्या. पण पुढचं वाक्य सरांनी गिळलं. आणि मी? माझं टोक वाकलं होतं, त्यावर टायरचं रबर चिकटलं होतं. आळ दुसऱ्या कुणावर तरी गेला हे ऐकून मला हायसं वाटलं. टायर कापल्याची लाज वाटतेच, पण त्या हायसं वाटण्याची त्याहून जास्त वाटते.

दादानं गाडी ओढून सरळ वहिनींच्या गॅरेजात नेली. सर आणि त्यांची बायको, प्लॅस्टरमधल्या हातासकट, मागोमाग आले. पाच-सहा गिऱ्हाइकं बसली होती. त्या सगळ्यांसमोर दादा कडाडला, "बहिणीचा हात गेला माझ्या! नट आवळता येत नाही तर दुकान कशाला मांडून बसता?"

वहिनींनी गाडी लिफ्टवर चढवली आणि दिवा घेऊन त्या खाली गेल्या. माझ्या टोकावरून त्यांनी बोट फिरवलं. त्या बोटाचा स्पर्श मला सहन होईना.

"सर," त्या तिथूनच म्हणाल्या, "तुम्ही सांगता की मी सांगू?"

सर बुटांकडे बघत होते.

"मी आवळलेल्या प्रत्येक नट-बोल्टावर पिवळ्या रंगाचा ठिपका असतो," वहिनी दादाला म्हणाल्या. "या, बघून घ्या."

दादा जागचा हलला नाही. पुढे आली ती सरांची बायको. तिनं मान वर केली. स्प्रिंगांच्या बोल्टांवर पिवळे ठिपके होते. माझ्या तीन नटांवर एकही नव्हता, चौथ्याची जागा रिकामी होती. नवऱ्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. वहिनींसमोर उभी राहून म्हणाली, "वहिनी, आमचं चुकलं. माफ करा."

तेव्हा सरांच्या तोंडून शब्द फुटला. "दादा, दांडा मीच बसवला होता." आवाज इतका खाली, की वर टांगलेल्या मलाच जेमतेम ऐकू आला.

"काय?" दादा म्हणाला.

"राहू द्या," एक गिऱ्हाईक मध्ये पडलं. "समजलं सगळ्यांना."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "मला बोलले ते मोठ्यानं बोलले. हेही मोठ्यानं होऊ दे."

मग सर वर्गात शिकवतात त्या आवाजात बोलले. जुना नट, गटार, टकटक, न दाखवलेली गाडी, गिळलेलं वाक्य, सगळं. दादानं वहिनींपुढे हात जोडले आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

वहिनींनी मला उतरवलं आणि सरांच्या घरून आणवलेला तो जुना बारीक दांडा परत बसवला, नव्या नटांनी. महिन्याभरानं सरांची बायको गाडी न्यायला आली. तिनं उजव्या हातानं दार उघडून पाहिलं, जमलं नाही, मग डाव्यानं उघडलं. क्रीमची फुलं अजून निघत नाहीत, असं ती वहिनींना सांगत होती. सर शेजारी उभे राहून ऐकत होते.

मी गॅरेजच्या मागे भंगारात पडून आहे. लवकरच भट्टीत जाईन. जो कुणी मला वितळवेल त्याला एकच मागणं आहे. मला पुन्हा कुठल्या गाडीखाली घालू नका. एखाद्या फाटकाची कडी करा. अशी कडी, की दुखऱ्या हातानं नुसतं बोट लावलं तरी उघडेल.