डाव्या पायाची जीप

मी जीप बोलतेय. कागदोपत्री माझं नाव वेगळं आहे, पण नागपुरात, जरीपटक्याच्या आमच्या वस्तीत, त्या नावानं मला कधीच कुणी हाक मारली नाही. माझं इंजिन डिझेलचं, त्यामुळे आवाज जरा मोठाच येणार. ज्यांना कुजबुजणाऱ्या गाड्या आवडतात त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीकडे जावं. तिच्यासाठी पेपरात पानभर जाहिराती छापून येतात. माझ्याविषयी आजवर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत, म्हणून मीच बोलायला बसले.

मला घरी आणलं अंकुश सोमकुंवर यांनी. ते तेव्हा कोराडीच्या वीज केंद्रात होते आणि राहायलाही तिथल्याच कॉलनीत. त्या कॉलनीची माझी पहिली आठवण राखेची. रात्रभर बॉनेटवर राखेचा पातळ थर बसायचा आणि सकाळी शाळेत जाण्याआधी त्यांची दोन मुलं, दीक्षा आणि प्रशिक, त्यावर बोटानं नावं लिहायची. अंकुशराव फडकं घेऊन यायचे. "पुसली पाटी. उद्या पुन्हा लिवा," असं म्हणायचे. चिडले मात्र कधीच नाहीत.

मी काय काय वाहिलं नाही? समोरासमोरच्या माझ्या दोन बाकड्यांवर आठ माणसं गुडघ्याला गुडघे लावून बसत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाकडी उचलून पाण्याचे ड्रम आणि जेवणाची पाकिटं भरत, आणि दूरदूरच्या गावांहून पायी आलेल्या लोकांसाठी मी दीक्षाभूमीच्या जवळपास जिथे जागा मिळेल तिथे उभी राही. धक्क्यांनी ड्रम सांडत, पण तक्रार कुणी केली नाही. आजकाल कपातली कॉफी हलली तरी लोक गाडीला एक तारा कमी देतात!

दर हिवाळ्यात आम्ही कळमेश्वरच्या पुढे चंपतरावांच्या शेतावर रोडग्यांचं, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, जेवण करायला जात असू. चंपतराव म्हणजे अंकुशरावांचे कॉलेजच्या होस्टेलमधले खोलीसोबती, आता संत्र्याची बाग करतात. दोघांची एक जुनी भांडणाची जागा होती, आणि ती म्हणजे मी.

"अंकुश, एक दिवस ह्या तुह्या जीपले माहा ट्रॅक्टर ओढून काढीन गा," चंपतराव दरवर्षी म्हणत. "त्या दिवशी मी गावात पेढे वाटीन."

"तुह्या ट्रॅक्टरले आधी सोताची ट्रॉली तं ओढू दे," हे अंकुशरावांचं ठरलेलं उत्तर.

पेढे वाटायची वेळ कधी आली नाही. मी चिखलातून गेले, नाल्यातून गेले, पण ट्रॅक्टरच्या दोरीनं ओढली गेले नाही. माझी अब्रू म्हणजे तीच, आणि अंकुशरावांचीही तीच.

मग अंकुशरावांचा डावा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, नवा सांधा बसला. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, फिरा, हळूहळू गाडीही चालवा, पण जड क्लच नको. आता माझा क्लच म्हणजे काय विचारता, ती एक व्यायामशाळाच आहे. माझ्यावर शिकलेल्या माणसाचं डावं पाऊल कुठल्याही खुर्चीवर बसलं तरी आपोआप काहीतरी दाबत असतं.

प्रशिकनं लगेच निकाल दिला. "बाबा, आता ड्रायव्हर ठेवू. तुम्ही मागं आरामात बसा."

"मी मागं बसू?" अंकुशराव म्हणाले. "मागं सामान बसते."

मला प्रशिकचा राग आला. मुलगा वाईट नाही, पण आजकालच्या मुलांची ही खोडच आहे. म्हाताऱ्यांच्या हातातलं एकेक काम काढून घ्यायचं आणि त्याला काळजी म्हणायचं! अंकुशराव रोज सकाळी माझ्यात येऊन बसू लागले. चावी लावत नसत. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवून, पेपर वाचायला लागेल तेवढा वेळ बसत, मग काच पुसून घरात जात.

दीक्षा वेगळ्या डोक्याची. तिनं नवी गाडी आणली, आणि तीही माझ्याच घराण्यातली, माझ्याच नावाची. फक्त तिला क्लच नाही. "बाबा, ही फक्त तुमच्यासाठी," ती म्हणाली. अंकुशरावांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून पाहिलं, आणि म्हणाले, "दोन पायांच्या मानसाले एका पायाची गाडी काहून आनली वं?" ते तिच्यात बसलेच नाहीत.

शेवटी घरात ठरलं. महिनाअखेरपर्यंत बाबांनी नवी चालवली तर उत्तम. नाहीतर पुढच्या महिन्यापासून ड्रायव्हर येणार. मी मात्र दोन्हीकडून जाणार होते. रोडग्यांचा रविवार झाला की सोमवारी मला शोरूमवाले घेऊन जाणार, नव्याच्या बदल्यात जुनी.

आता नवीविषयी खरं ते सांगते. माझा तिच्यावर राग होता, पण खोटं बोलायची सवय मला नाही. तिच्या मागच्या सीट पुढे तोंड करून आहेत, त्यामुळे कुणाचा गुडघा कुणाला लागत नाही. सहा ठिकाणी हवेच्या पिशव्या आहेत. अपघात झाला तर ती माणसाला सांभाळेल, मी फक्त स्वतःला सांभाळीन. मागे जाताना पडद्यावर मागचं सगळं दिसतं. माझ्या मागे मायाबाई, म्हणजे अंकुशरावांच्या पत्नी, उभ्या राहून "येऊ द्या, येऊ द्या, थांबा, गेलं कुंपण!" असं ओरडत. कुंपण दोनदा गेलं.

पण तिच्या छताला खिडकी आहे, ती कशाला? लोक त्यातून लहान मुलांना अर्धं बाहेर काढून उड्डाणपुलावरून नेतात. गाडीला सहा पिशव्या लावायच्या आणि पोराचं डोकं छताबाहेर ठेवायचं, ह्याला शहाणपण म्हणतात? आणि ती बोलते म्हणे! शोरूममधून बाहेर काढताना तिच्या चाकांखाली लिंबं ठेवलेली. मायाबाईंनी ती उचलून शोरूममधल्या पोरीच्या हातात दिली. "बाई, याचं सरबत करा. आमच्यात हे नाही चालत." मग गाडीत बसून म्हणाल्या, "खिडकी उघड वं." गाडी म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही."

"आई, शुद्ध बोल," प्रशिक म्हणाला.

"मी जन्मापासून शुद्धच बोलून राहिली," मायाबाई म्हणाल्या. "तिलेच शाळेत टाका."

रोडग्यांचा रविवार उजाडला. प्रशिकनं मायाबाईंना नवीत घेतलं. अंकुशराव हट्टानं माझ्यात बसले, डाव्या सीटवर, आणि दीक्षा माझ्या चाकावर. शेतावर पोचलो तेव्हा चंपतराव ट्रॅक्टर काढतच होते. गावातून दही आणि गोवऱ्या आणायच्या होत्या. प्रशिकनं नवी चिंचेखाली कोरड्या जागेत लावली, चावी आईकडे दिली आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून तोही गेला. शामलाबाई, चंपतरावांच्या पत्नी, मायाबाईंसोबत कणीक मळायला बसल्या.

अंकुशरावांच्या अंगात तेव्हाच काहीतरी संचारलं.

"दीक्षा, बागेच्या कडेनं घे. तुले दाखवतो ही जीप काय चीज आहे ते."

"बाबा, तिकडं काल पानी सोडलं आहे वाटते."

"वरून वाळली आहे जमीन. ह्यातून तं ही डोये मिटून जाईन."

मी गेले, आणि डोळे मिटायचीही गरज पडली नाही. काळी माती वरून पापडासारखी वाळली होती आणि खाली ताजं लोणी! दीक्षानं चारही चाकांना इंजिनाचा जोर लावला. मागची दोन चाकं रुतत होती, ती आता चारही रुतू लागली. एवढा माझा चार चाकांचा गर्व! पोट मातीला टेकलं तेव्हा मी गप्प झाले.

अंकुशराव खाली उतरले, माझ्याभोवती फिरले, आणि त्यांचा चेहरा उतरला. लांब गावाच्या रस्त्याकडे त्यांनी पाहिलं. तिथून कधीही ट्रॅक्टर येणार होता.

"आता पेढे," ते म्हणाले.

"म्हणजे?" दीक्षानं विचारलं.

"म्हनजे चंपत गावात पेढे वाटन, अन् मी मरेपर्यंत ते खात राहीन."

दीक्षा माझ्या खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "बाबा, नवी आहे ना. तिनं ओढू."

"हाव, पण चालवते कोन? हिच्यात क्लचवर तुले बसावं लागन. हा पाय तो दाबत नाही."

"मग तिच्यात तुम्ही बसा."

मायाबाईंच्या हातातला कणकेचा गोळा तसाच राहिला. अंकुशरावांनी माझ्याकडे पाहिलं, चिंचेखालच्या पांढऱ्या चकचकीत बाईकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. "चावी दे."

त्यांनी नवी चालवायला घेतली ती अशी. गिअर लावला, ती अलगद पुढे सरकली, आणि सवयीनं त्यांचा डावा पाय क्लच दाबायला धावला. क्लच तिथे नव्हताच. होता तो रुंद ब्रेक, आणि माझ्या क्लचचा हिशोब लावून त्यांनी तो दाबला! नवी जागच्या जागी अशी आपटली की मागच्या सीटवरचं वांग्याचं पातेलं उठून पुढे आलं आणि मोठ्या पडद्यावर भाजीचा डाग पडला. घाबरून त्यांचा अंगठा चाकावरच्या कुठल्याशा बटणावर गेला.

"थांब, थांब वं!" ते ओरडले.

"जवळचे बस थांबे शोधत आहे," नवी म्हणाली.

मला इतकं हसू आलं की हॉर्न वाजला असता. पण त्यांचा चेहरा दिसला आणि हसू गेलं. गुडघ्यात कळ आली होती. दुसऱ्यांदा चालवली, पुन्हा डावा पाय, पुन्हा दणका. ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. "नाही जमत," म्हणाले. "प्रशिक बरोबर म्हनते."

त्या क्षणी मला ट्रॅक्टरची पर्वा राहिली नाही. हा माणूस ते वाक्य पुन्हा बोलणार असेल, तर मला चंपतरावांनी ओढत गावभर फिरवलं तरी चाललं असतं. त्या पायाला ती सवय मीच लावली होती, आणि आता मी मातीत बसून ती काढू शकत नव्हते.

मायाबाई हात पुसत आल्या. दीक्षाची ओढणी त्यांनी मागून घेतली, नवीचं दार उघडलं आणि नवऱ्याचा डावा पाय धरून सीटच्या खालच्या दांडीला बांधून टाकला.

"हे काय करून राहिली?"

"लग्न झाल्यापासून तुमाले बांधून ठेवाचा विचार होता. आज जमलं," मायाबाई म्हणाल्या. "त्या पायाले सुट्टी. आता एका पायानं चालवा."

शामलाबाई हसता हसता पिठात बसल्या. पण गाडी सुरळीत सरकली. डावा पाय एकदोनदा तडफडला, ओढणी ताणली गेली, पण ब्रेकपर्यंत पोचला नाही. अंकुशरावांनी नवी कोरड्या बांधावर आणून लावली, दीक्षानं तिच्या मागच्या आणि माझ्या पुढच्या हुकात दोर अडकवला. "हळू, बाबा!" "तू क्लच सोड हळू, मले नको शिकवू!" दोर ताठ झाला. नवीनं आवाज न करता जोर लावला, आणि मी, सगळ्यांना कधी ना कधी ओढून काढलेली मी, फचाक् करून बाहेर आले. तिच्याविषयी मनात असलेलं सगळं वाईट त्या चिखलातच राहिलं. ताकद आहे बाईत. उगाच का खोटं बोलू.

दीक्षा दोर सोडून गुंडाळतेय तोवर ट्रॅक्टर आलाच. चंपतराव उतरले. चिखलानं माखलेली मी, भाजीनं माखलेली नवी, आणि नवीत चाकावर बसलेले अंकुशराव, हे सगळं त्यांनी सावकाश पाहिलं.

"काय झालं गा?"

"काई नाई," शामलाबाई म्हणाल्या. "भाऊजी नवी गाडी शिकून राहिले."

"हाव? अन् ह्या चार विहिरी कोनी खोदल्या?"

चंपतराव नवीच्या दारापाशी गेले आणि बांधलेला पाय पाहून खो खो हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "ट्रॅक्टरनं नाही ओढली, म्हनजे पेढे नाही. चल, रोडगे खाऊ."

जेवण झालं. कोरडे रोडगे आणि पातेल्यात उरलेली भाजी. निघताना प्रशिक नवीच्या पुढच्या दाराकडे गेला, तर अंकुशराव आधीच आत, पाय बांधून तयार.

"बाबा, घरापर्यंत तुम्ही?"

"तू मागं बस," अंकुशराव म्हणाले. "आरामात."

तेवढ्यात चंपतरावांनी माझ्या बॉनेटवर थाप मारली. "हिचं काय ठरलं?" सोमवारी शोरूमला जाणार, असं दीक्षानं सांगितलं. चंपतराव काही म्हणायच्या आत शामलाबाई पुढे आल्या.

"मले द्या."

"तुले?" चंपतराव म्हणाले. "तुले चालवता येते काय?"

"तुमी ट्रॅक्टरले हात लावू देत नाही, तं येईन कसं?" शामलाबाई म्हणाल्या. "माहेरी जावाचं म्हटलं का तुमची फुरसत पाहा, दवाखान्यात जावाचं म्हटलं का तुमची फुरसत पाहा. भाऊजी, तुमी शिकवाल का मले?"

अंकुशरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "शिकवतो, वैनी. पण क्लच जड आहे."

"कणीक मळून मळून माह्या हातात जोर आहे. पायात पन येईन."

सोमवारी शोरूमची माणसं आली आणि रिकाम्या हातांनी गेली.

मी आता चंपतरावांच्या गोठ्याशेजारी असते. राख नाही, संत्र्याच्या सालींचा वास असतो. शेळी टपावर चढते, तिला मी काही बोलत नाही. दर रविवारी पांढरी नवी शेताकडच्या पांदणवाटेनं हळूहळू येते. तिच्यातून अंकुशराव उतरतात. ओढणी कधीच सुटली, पाय आता स्वतःहून स्वस्थ बसतो. मग ते माझ्या डाव्या सीटवर बसतात आणि शामलाबाई चाकावर. "क्लच, वैनी, क्लच!" "दाबला ना भाऊजी!" "तो ब्रेक होता!" मी बंद पडते, पुन्हा सुरू होते. परवा आम्ही पहिल्यांदा गावच्या चौकापर्यंत गेलो. पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली, काही कौतुकानं, काही जीव वाचवायला.

माझं एवढंच सांगणं आहे. जुनी गाडी बदला, खुशाल बदला, नवी माझ्याहून बरी आहे हे मी स्वतः सांगते. पण गाडी बदलताना चालवणाऱ्याला विचारा. तो चालवू शकतो का हे ठरवण्याआधी त्याला चावी द्या आणि दोन दणके सहन करा. आणि घरातल्या ज्या बाईला आजवर कुणी चावीच दिली नाही, तिलाही विचारा. तिच्या पायाला अजून कुठलीच सवय लागलेली नाही, तो चुकायला आणि शिकायला मोकळा आहे.

शामलाबाई येताहेत. चप्पल काढली, पदर खोचला. आज माहेरी जायचं म्हणतात, एकट्या. चला, मला निघायला हवं.