ताज्या तारखेची बॅटरी

सकाळी सिस्टरांनी किल्ली फिरवली आणि गाडीने नुसतं 'टक' केलं. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक'. सिस्टर घरोघर जाऊन जखमांचं ड्रेसिंग करायच्या. वय एकसष्ट, आवाज अजूनही वॉर्डातला. आज चार पेशंट त्यांची वाट बघत होते.

वरच्या मजल्यावरचे धाकटे दीर चहाचा कप घेऊनच खाली आले.

"वहिनी, विका आता. दादा गेला, कशाला हा पसारा? माझ्याकडे गिऱ्हाईक तयार आहे. संपली ही गाडी."

"गाडी नाही भावजी, बॅटरी संपलीय. रोज जरा कुठे चालली की पुढच्या पेशंटच्या दारात बंद करायची. चार्ज व्हायला उसंत मिळते कुठे? तरी पाच वर्षं ओढलं बिचारीने."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

हे मात्र सिस्टरांच्या डोक्यात गेलं. त्यांनी हातमोजे चढवले, आधी निगेटिव्हची तार सोडवली, मग पॉझिटिव्हची. बॅटरी भाजीच्या चाकवाल्या पिशवीत ठेवली आणि खडखडाट करत निघाल्या. "अहो, लोक काय म्हणतील!" करत दीर मागोमाग.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सिस्टरांकडे पाहिलंच नाही. दिरांना म्हणाला, "बोला साहेब! ही घ्या, जुनीपेक्षा मोठी, एकदम दणकट."

"गाडीतल्या ट्रेमध्ये मावणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "आणि हिचा पॉझिटिव्ह डावीकडे, माझा उजवीकडे. तारा काय ओढून लांब करू?"

त्याने नाराजीने दुसरी काढली. माप बरोबर होतं. सिस्टरांनी चष्मा लावून बाजूचा शिक्का वाचला.

"सोळा महिने झाले हिला."

"मॅडम, बॅटरी आहे, दूध नाही!"

"पडून राहिली तरी उतरते ती. मी उभ्या जन्मात तारीख न बघता कुणाला सुई टोचली नाही. ताजी आणा."

"घ्यायची तर हीच आहे."

दिरांनी बाही ओढली. "वहिनी, चला ना."

सिस्टरांनी खुर्ची ओढली आणि भर दुकानात ठाण मांडून बसल्या. "मागे गोदाम दिसतंय मला. बघून या, मी थांबते."

तेवढ्यात शेजारी उभ्या टॅक्सीवाल्याने हातातली नवी बॅटरी उलटीपालटी करून तारीख शोधायला सुरुवात केली. दुकानदाराचा चेहरा पडला. तो मुकाट्याने आत गेला आणि दोन महिन्यांपूर्वीची घेऊन आला. मीटर लावल्यावर आकडा आला बारा पूर्णांक सात व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली.

"आता वॉरंटी कार्डावर तारीख घाला, शिक्का मारा. आणि मीटर घेऊन चला माझ्याबरोबर. गाडीच चार्ज करत नसेल, तर नवी बसवून उपयोग काय?"

तो मीटर घेऊन त्यांच्याबरोबर गेलासुद्धा. बॅटरी सिस्टरांनी स्वतः बसवली, निगेटिव्ह शेवटी. पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं आणि मीटरवरचा आकडा चौदावर जाऊन थांबला. "चार्जिंग झकास आहे, सिस्टर," दुकानदार म्हणाला. या वेळी तो त्यांच्याकडे बघून बोलला.

"मग गिऱ्हाईकाला काय सांगू?" दिरांनी विचारलं.

"सांगा, मालकीण गाडी घेऊन कामावर गेलीय."

पहिल्या पेशंटकडे पोचायला तासभर उशीर झाला होता. आजोबा फुरंगटून बसले होते. "आज फार वेळ लावलात!"

"लावला," सिस्टर म्हणाल्या. "पाय पुढे करा."